बाबांचे जुने कॉम्प्युटर विकताना

नेरडीगोंड्यात हायवेच्या कडेला बाबांचं जॉब टायपिंगचं दुकान होतं. पूर्वीचा सात नंबरचा, आताचा चव्वेचाळीस नंबरचा हायवे. एकीकडे निर्मल, दुसरीकडे आदिलाबाद. लग्नपत्रिका, तहसीलचे अर्ज, जिनिंगवाल्यांची बिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं मराठी, तेलुगू, हिंदी, इंग्रजी चारही भाषांत निघायची. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात, मग आंध्रात, २०१४ पासून तेलंगणात. पण दुकानात येणारं गिऱ्हाईक कुठल्या भाषेत तोंड उघडेल याचा नेम कधीच नव्हता.

दुकान चालवता चालवता बाबांनी दुसरं एक काम मनापासून केलं. कुठल्याही कचेरीने, शाळेने, मिलने कॉम्प्युटर काढून टाकायचं ठरवलं की भंगारवाल्याच्या आधी बाबा पोचायचे. कधी रोख देऊन, कधी दुरुस्तीच्या मजुरीच्या बदल्यात ते यंत्र घरी यायचं. मागची खोली, मग माळा, मग गोठ्याची अर्धी बाजू त्यात गेली. आता बाबांची नजर अधू झाली आहे, हात थरथरतो, सोल्डरिंगची गन धरवत नाही. विकायचं त्यांनीच काढलं. "ज्याला कळतं त्याला दे, बाकी तू बघ," एवढीच त्यांची अट. विक्री मी केली. त्यानंतर दोनतीन ओळखीच्या घरांतून विचारणा झाली, आमच्याकडेही असं काही पडलं आहे, कसं केलंत? त्यांना तोंडी जे सांगितलं ते इथे लिहिते आहे.

१. ज्याचा संग्रह, त्याच्या शेजारी बसून यादी करा

यादी म्हणजे नुसती नावं नव्हेत. प्रत्येक यंत्राला चिकटपट्टीवर नंबर, आणि त्या नंबरापुढे चार गोष्टी: कुठून आलं, शेवटचं कधी चालू केलं, आत काय बदललं, काय कमी आहे. मी फोनवर रेकॉर्डिंग लावून बाबांच्या शेजारी बसायचे आणि रात्री ते रजिस्टरात उतरवायचे. यंत्र मांडीवर घेतल्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही. हाताला लागलं की सगळं आठवायचं. "ह्याच्या कीबोर्डाखालची फिल्म तडकली आहे, शेवटच्या ओळीतली बटणं दाबून काही होणार नाही." "ह्याचा एक स्क्रू मी सायकलीचा लावला आहे, तो जोरात फिरवशील तर आटा जाईल." हे कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. घेणाऱ्याला याचीच सगळ्यात जास्त गरज असते, कारण तो उघडणार आहे, दुरुस्त करणार आहे.

मालक हयात नसेल तर त्याचा जोडीदार, दुकानातला जुना पोऱ्या, ज्याच्याकडून यंत्र घेतलं तो कारकून, ज्याला काही आठवतं त्याला गाठा. वस्तूपेक्षा माहिती लवकर विटते. पत्र्याचा डबा तीस वर्षं टिकतो, तो कुणाचा होता हे सांगणारा माणूस टिकतोच असं नाही. संग्रह विकायचा मनात असेल तर मालक बोलता आहे तोवर विकावा, असं माझं ठाम मत झालं आहे. मुलाबाळांना ते बोलणं अवघड वाटतं, पण बाबांना अजिबात वाटलं नाही. उलट वस्तू कुणाच्या हातात जाते ते त्यांना बघायला मिळालं.

२. गाजलेलं नाव आणि दुर्मीळ वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी

विकायचं ठरलं ही बातमी नातेवाइकांत पसरली आणि लगेच करोडोंच्या गोष्टी सुरू झाल्या. कुणीतरी वाचलेलं असतं. ॲपलचं पहिलं मशीन, ॲपल-१, २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेलं, ही गोष्ट खरी आहे. पण १९७६ मध्ये ती सारी मिळून सुमारे दोनशेच बनली होती, आणि घेणारं हेन्री फोर्ड म्युझियम होतं. त्या आकड्याचा आदिलाबाद जिल्ह्यातल्या माळ्याशी काही संबंध नाही. घरच्यांना हे पहिल्या दिवशीच सांगून टाकावं. आशा वाढून बसल्या की पुढे प्रत्येक व्यवहारावर कुरकुर होते.

आमच्याकडे गाजलेल्या नावांची दोन यंत्रं होती. एक बीबीसी मायक्रो: ब्रिटनमध्ये १९८१ साली निघालेला, ३२ केबी मेमरीचा, चालू केला की दोन सुरांत बीप करून काळ्या पडद्यावर स्वतःचं नाव लिहिणारा. दुसरं स्पेक्ट्रम. दोन्ही ब्रिटनमध्ये अमाप खपली. बीबीसी मायक्रो १५ लाखांहून जास्त, स्पेक्ट्रम ५० लाखांहून जास्त. तिथल्या शौकिनांना ती आजही मिळतात, सुटे भाग मिळतात, स्पेक्ट्रमच्या कीबोर्डाची फिल्म तर आजही नवी बनवून विकली जाते. म्हणून नुसतं 'स्पेक्ट्रम' म्हटल्यावर कुणी भारावून जात नाही.

पण बाबांचा स्पेक्ट्रम साधा नव्हता. त्यावर 'डीबी स्पेक्ट्रम+' असं होतं. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या भारतीय कंपनीने परवाना घेऊन १९८६ मध्ये तो इथे आणला होता, आणि १९९० पर्यंत काही हजारच खपले. बीबीसी मायक्रोचंही तसंच. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प काढला, सुरुवातीला अडीचशे शाळा घेतल्या, आणि यंत्र म्हणून बीबीसी मायक्रो निवडला. पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याचीच भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' नावाने काढली. बाबांच्या मायक्रोच्या पाठीवर शाळेच्या साठा-नोंदवहीचा नंबर पांढऱ्या रंगाने हाताने घातलेला होता. मी तो पुसणार होते, दिसायला ओबडधोबड म्हणून. हैदराबादच्या एका जाणकाराने फोटो बघून फोनवरच थांबवलं: "ताई, तो नंबर म्हणजे या मशीनचं जन्मपत्र आहे. ब्रिटनमधल्या लाखो मायक्रोंपैकी एकावरही तो नाही."

हे डोक्यात बसल्यावर मी साऱ्या संग्रहाकडे नव्याने पाहिलं. जे परदेशात ढिगाने आहे ते परदेशात कुणीतरी जपेलच. जे फक्त इथे बनलं, इथे वापरलं गेलं, त्याला जपणारं इथल्याशिवाय कुणी नाही. हैदराबादच्या ईसीआयएलने १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा कॉम्प्युटर बाजारात आणला. बाबांना आयुष्यभर त्याचा एखादा बोर्ड तरी हातात घ्यायचा होता, मिळाला नाही. तीस वर्षं भंगाराच्या वाटेवर उभं राहिलेल्या माणसाला मिळाला नाही, म्हणजे किती गेलं असेल याचा अंदाज करता येतो.

३. जे एकत्र काम करत होतं ते एकत्रच द्या

आमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू दिसायला सगळ्यात सामान्य होती. कंपनीचं नाव नसलेला, दिल्लीहून सुटे भाग आणून जुळवलेला एक एटी कॉम्प्युटर. कॅबिनेट गंजलेलं. पण आत एका स्लॉटमध्ये लांबलचक जिस्ट कार्ड बसवलेलं होतं.

ज्यांनी डॉसचा जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या काळच्या पीसीला रोमन लिपीपलीकडे काही ठाऊक नव्हतं. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुण्यात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे नेलं. कार्ड बसवलं की त्याच डॉसवर, त्याच प्रोग्रॅममध्ये देवनागरी, तेलुगू, तमिळ, बंगाली उमटायचं. त्याच्या मागे 'इस्की' नावाची संकेतप्रणाली होती, १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिची खुबी अशी की ब्राह्मीतून आलेल्या सगळ्या लिप्यांत एका ध्वनीला एकच संकेत. मराठीतल्या 'क'चा जो नंबर तोच तेलुगूतल्या 'क'चा.

आमच्यासारख्या सीमेवरच्या गावात याचा काय उपयोग झाला असेल ते बघा. मुलगी किनवटची, मुलगा निर्मलचा. मुलीकडच्यांना पत्रिका मराठीत हवी, मुलाकडच्यांना तेलुगूत. बाबा नावं एकदाच देवनागरीत टाईप करायचे, मग लिपी बदलायची कळ दाबायची, आणि पडद्यावर त्याच जागी तीच नावं तेलुगू लिपीत यायची. समोर बसलेले व्याही खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावायचे, हे मी लहानपणी पाहिलं आहे. मजकूर मात्र बाबांना दोन्ही भाषांत वेगळा लिहावा लागायचा. कार्ड लिपी बदलतं, भाषा नाही.

आणि हे सगळं तिथेच संपलं नाही. युनिकोडमध्ये देवनागरीची, तेलुगूची अक्षरं ज्या क्रमाने मांडली आहेत तो क्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलेला आहे. आज फोनवर मराठीत मेसेज लिहिणारा प्रत्येक जण त्याच मांडणीवर लिहितो. (आमच्याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये गेली. बाबांच्या कार्डाला ती येत नव्हती. गोंडी पाव्हणे पत्रिका मराठीत किंवा तेलुगूतच छापून न्यायचे.)

या मशीनसाठी पहिली मागणी आली ती फक्त कार्डाची. चांगली रक्कम सांगितली. दुसऱ्याला फक्त कीबोर्ड हवा होता, कारण बटणांवर देवनागरीचे स्टिकर होते आणि वापरून त्यांची अक्षरं अर्धी उडालेली होती. तिसऱ्याला चोवीस पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सुटं सुटं विकलं असतं तर रक्कम जास्त झाली असती. मी नाही विकलं. कार्ड, ते चालवणाऱ्या फ्लॉप्या, बाबांनी पेन्सिलीने समासात खुणा केलेलं मॅन्युअल, कीबोर्ड, प्रिंटर हे सगळं मिळून एक यंत्र होतं. सुटं केलं की कार्ड हे नुसतं शोकेसमधलं कार्ड, आणि फ्लॉप्या नुसत्या फ्लॉप्या. लिपी बदलणारी ती कळ पुन्हा कधी कुणाला दाबता आली नसती.

पुढच्या विंडोजच्या काळातल्या डीटीपी मशीनबद्दलही तेच, आणि तिथे एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवायची: हार्डवेअर लॉक. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर प्रिंटरच्या पोर्टला लावायचा अंगठ्याएवढा तुकडा मिळायचा. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि सॉफ्टवेअर उघडलं नाही तर त्या काळच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग. घर आवरताना असले तुकडे आधी केरात जातात. जुन्या प्रेसवाल्यांच्या, डीटीपीवाल्यांच्या घरात कुणी आवराआवर करत असेल तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, मशीनच्या मागे काही खोचलेलं दिसलं तर ते मशीनलाच बांधून ठेवा.

४. 'चालू करून दाखवा' म्हणणाऱ्याला थांबवा

वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र सरळ प्लगला लावायचं नाही. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये पिवळसर, पारदर्शक आवरणाचे कपॅसिटर असतात. काही वर्षांनी त्या आवरणाला बारीक भेगा पडतात, ओल आत शिरते, आणि वीज मिळाली की ते फुटून खोलीभर धूर होतो. बाबांनी ते आधीच काढून नवे टाकले होते, जुने एका डबीत चिठ्ठी लावून ठेवले होते. ३८६, ४८६ च्या मदरबोर्डवर निळी किंवा हिरवी पिंपासारखी बॅटरी असते. ती फुटली की आतलं रसायन झिरपून तांब्याच्या रेषा खाऊन टाकतं, हिरवट बुरशीसारखं दिसतं. विक्री काही महिन्यांनी होणार असली तरी ही बॅटरी आज कापून काढा. बाबांचा उपाय: पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

चालू करून बघायचंच असेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसा, विजेच्या वाटेत बल्ब जोडलेला सिरीज बोर्ड लावून. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकन पेटतो आणि यंत्र वाचतं. आणि मॉनिटर कुणी उघडू नये. पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही विजेचा दाब शिल्लक असतो, माणसाला फेकून देण्याइतका. ज्याने ते काम आयुष्यभर केलं आहे त्यानेच करावं.

जाहिरातीत 'चालू स्थितीत' हा शब्द तेव्हाच लिहा जेव्हा तुम्ही स्वतः चालताना पाहिलं असेल. नाही तर लिहा: 'तपासलेलं नाही'. जाणकार माणूस 'तपासलेलं नाही' वाचून पळत नाही, उलट वीज लावली नाही हे वाचून खूश होतो.

५. फ्लॉप्यांमध्ये दुसऱ्यांची आयुष्यं आहेत

कुंटाळा धबधबा आमच्यापासून जवळ. पावसाळ्यात कडम नदी भरून वाहते तेव्हा आमच्याकडे कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, मग फ्लॉप्यांचं काय होणार. सव्वापाच इंची फ्लॉपीची लांबट खिडकी उजेडाकडे धरून चकती हळू फिरवून बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः खरवडली जाते आणि ड्राइव्हचं हेडही घाण करते, मग पुढची चांगली फ्लॉपीही मरते. बुरशीवाल्या मी वेगळ्या काढल्या आणि तशाच सांगून दिल्या. उरलेल्या वाचायला पुण्याच्या एका घेणाऱ्याने 'ग्रीझवीझल' नावाचं छोटं बोर्ड आणलं होतं. त्याला जुना ड्राइव्ह जोडायचा, आणि ते चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतं. फ्लॉपी कुठल्या यंत्राची, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आमच्या ओटीवर बसून त्याने ते केलं.

पण त्याआधी मला एक गोष्ट ठरवावी लागली. बाबांच्या फ्लॉप्यांत काय नव्हतं? जमिनीच्या वादाचे अर्ज. सोडचिठ्ठीची प्रतिज्ञापत्रं. कुणी कुणाविरुद्ध दिलेली तक्रार. जिनिंगवाल्यांची खरी बिलं. ती माणसं आजही गावात आहेत, त्यांची मुलं माझ्या ओळखीची आहेत. शौकिनाच्या दृष्टीने हा खजिना: डॉसवरच्या, इस्कीतल्या, खऱ्याखुऱ्या मराठी-तेलुगू फायली. त्या गेल्या की परत मिळणार नाहीत, हे मला पटत होतं. आणि तरी त्या माझ्या नव्हत्या.

आम्ही असं केलं. लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, जत्रेची पत्रकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका दिल्या. ते सगळं त्या काळी गावभर वाटलं गेलेलंच होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, हिशेब यांच्या फ्लॉप्या बाबांनी स्वतः वेगळ्या काढल्या, लेबलं वाचून, भिंग लावून. त्या नष्ट केल्या. हार्ड डिस्कचंही तेच, द्यायच्या आधी आतलं बघा. घेणारा कितीही सज्जन असो, तो ती पुढे कुणाला देईल हे त्यालाही ठाऊक नसतं.

६. पहिला प्रश्न ऐका

घेणारा कसा आहे ते त्याच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. "शेवटचा भाव काय?" हा पहिला प्रश्न असेल तर तो पुढे विकणारा. त्यात गैर काही नाही, पण बाबांची अट त्यात बसत नव्हती. "सोन्याच्या पिना आहेत का?" विचारणारा बोर्ड वितळवणारा. पुण्याहून गाडी काढून आलेल्या मुलाने चपला काढता काढता विचारलं, "काका, ह्यात काय काय बंद आहे?"

बाबा खूश झाले. "बस आधी. पाणी पी. बंद खूप काही आहे, सावकाश सांगतो."

संध्याकाळपर्यंत ते दोघे उठले नाहीत. त्याने स्वतःचे स्क्रू ड्रायव्हर आणले होते, एकेक स्क्रू काढून थाळीत त्याच क्रमाने ठेवत होता. बाबा मला खुणेने दाखवत होते, बघ कसा ठेवतो. आईने वरणफळं केली होती, ती दोनदा गरम करावी लागली. जिस्टचं मशीन त्यालाच दिलं. त्याच्याहून जास्त रक्कम सांगणारा माणूस होता, पण त्याला ते कंपनीच्या स्वागतकक्षात काचेत ठेवायचं होतं.

यंत्र बघायला आलेल्याला घरी बोलवावं, बसवावं, वेळ द्यावा. फोटोवरून सौदा करण्यात मजा नाही असं मी म्हणत नाही, लांबच्यांना दुसरा इलाज नसतो. पण मोठी वस्तू समोरासमोर द्यावी.

७. भाव

कुणी काय मागतो आहे ते बघू नका, काय रकमेला खरंच गेलं ते विचारा. दोघातिघा जाणत्यांना वेगवेगळं विचारा, आणि त्यातल्या एकालाच वस्तू विकणार असाल तर ते त्याला आधी सांगा. परदेशातल्या भावात तिथून इथे आणायचा खर्च आणि कस्टम धरलेलं नसतं, त्यामुळे चालणारं यंत्र इथे कधी कधी जास्त मोलाचं ठरतं. भारतीय बनावटीच्या यंत्रांना तर ठरलेला भावच नाही. तिथे मी बाबांना विचारायचे, आणि ते म्हणायचे तो आकडा थोडा वाढवून सांगायचे, कारण बाबा कायम कमी सांगायचे.

८. पैसे

फोन पे किंवा बँकेत, वस्तू हातात देण्याआधी, आणि स्वतःच्या खात्यात जमा झाल्याचं स्वतः बघून. फौजी असल्याचं सांगणारे, न बघता पूर्ण रक्कम द्यायला तयार असणारे, "हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणणारे फोन येतात. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. वडीलधारी माणसं घरात फोन उचलत असतील तर त्यांना हे एक वाक्य पाठ करवा.

९. बांधाबांध

नेरडीगोंड्यात रेल्वे नाही, गाडी धरायची तर आदिलाबादला जावं लागतं. बसच्या पार्सलने जाण्यासारख्या छोट्या वस्तू तशा गेल्या, जड वस्तू घेणाऱ्यांनी गाडीतून नेल्या. बोर्ड कधीही साध्या पॉलिथिनमध्ये किंवा थेट थर्माकोलला लावून बांधू नका. घर्षणाच्या विजेने चिप जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशव्या हैदराबादला, नागपूरला कॉम्प्युटरच्या दुकानांत मागितल्या तर जुन्या मिळतात. खोक्यात खोकं, मधल्या जागेत सगळीकडून बोटभर भर. मॉनिटर काच खाली करून, जाड गादीवर. ट्यूबची मान मागच्या बाजूला असते आणि धक्का बसला की तीच तुटते. सुटलेले स्क्रू, बटणं, स्प्रिंगा वेगळ्या पिशवीत, पण त्याच खोक्यात. बांधण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, घेणाऱ्याला पाठवा, मग टेप लावा.

१०. कागद शेवटी विकायला निघतात, ते आधी काढा

मॅन्युअल, बिलं, वॉरंटी कार्डं, जाहिरातींची कात्रणं, मासिकं. बाबांकडे पीसीक्वेस्टचे जुने अंक होते. या मासिकाने १९९६ मध्ये लिनक्सची सीडी अंकाबरोबर दिली होती, आणि इंटरनेट नसलेल्या गावात ती सीडी म्हणजे काय होतं ते बाबांना विचारावं. अंकांना वाळवी लागायला आली होती. मागणी मात्र यंत्रांच्या आधी कागदांची आली. बिल असेल तर यंत्राला साल मिळतं, जाहिरात असेल तर त्या काळची किंमत मिळते. भारतीय यंत्रांचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला यंत्राइतकंच हे लागतं.

११. जे कुणी घेत नाही

खूप उरतं. पिवळे पडलेले मॉनिटर, जळालेले एसएमपीएस, पोपडे निघालेल्या वायरी. 'सुट्या भागांसाठी' असं लिहून ढीग फुकट जाहीर केला आणि त्यातलं बरंच गेलं. एकाने आठ मेल्या प्रिंटरांतून दोन जिवंत केले. त्यानंतर उरलं ते फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नका. तो तांब्यासाठी वायरी जाळतो, ट्यूब फोडतो, आणि त्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच हा माल जायला हवा. आमच्या भागात तो दारात येत नाही. हैदराबादला जाणाऱ्या घेणाऱ्याच्या गाडीत जागा होती, त्याने तो माल रिसायकलरकडे पोचवला आणि पावती आणून दिली.

१२. वस्तू गेली तरी फोन येत राहतात, ते घ्या

पुण्याच्या मुलाने महिन्याभराने फोन केला. जिस्टचं मशीन सुरू होत होतं, देवनागरी उमटत होती, पण प्रिंटरवर जोडाक्षरं तुटून येत होती. मी फोन बाबांना दिला. बाबांनी रजिस्टर मागितलं नाही, डोळे मिटले आणि विचारलं, "प्रिंटरच्या मागे बारीक स्विचांची ओळ आहे, त्यातला तिसरा वर आहे का खाली?" थोड्या वेळाने पलीकडून प्रिंटरचा करकर आवाज आला.

"आता लिपी बदलून एक काढ," बाबा म्हणाले. "तेलुगूत त्याला त्रास होतो का बघ. होत असेल तर पाचवा स्विच."